अण्णांनी मागची शेडही मोजायला लावली

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही वाकडं येतं, तेवढं सांभाळून घ्या. आमच्या अण्णांबद्दल लिहायचं मनात होतं. आता ते लेकीकडे धारवाडला असतात.

पाऊस झाला की अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उघड्या गटारापाशी उभे राहायचे आणि आम्हा बायकांना हात द्यायचे. "या अक्का, तो दगड हलतो. स्वल्प डावीकडून." कारखान्याचा मालक असा उभा राहिलेला तुम्ही कुठे पाहिलाय?

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या एका गल्लीत त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. आम्ही तिथे सुट्या भागांच्या कडा कानशीने घासायचो. मग गल्लीतल्या कारखान्यांवर जागेच्या मापाने जादा कर लावून रस्ता आणि गटार बांधायचं पालिकेने ठरवलं. गल्लीतले मालक चिडले आणि आमच्याच अंगणात जमले. "कर द्या," असं म्हणणारे अण्णा एकटेच.

"हौस असेल तर आमचापण तुम्हीच भरा!" शेजारचा पत्र्याच्या कामाचा मालक म्हणाला.

"सरी, बरं, भरतो. मग रस्त्यावरून मी एकटाच चालणार. तुम्ही उडत या."

सगळे हसले, पण कबूल कुणीच झालं नाही.

मोजणीच्या दिवशी सकाळपासून गल्लीभर पत्रे उतरवल्याचा खडखडाट झाला. जागा कमी दिसावी म्हणून जो तो आपली वाढवलेली शेड मोडत होता. आमच्याकडे मात्र अण्णा मोजणीवाल्याच्या मागे गेले. "सर, मागची शेड राहिली."

तोच दचकला. "नक्की धरू?"

"धरा. तिथेही कामच चालतं."

शेजारचा मालक डोक्यावर पत्रा घेऊन थांबला. "अण्णा, देव तुम्हाला अक्कल देवो."

"आधी गटार देऊ दे."

गल्लीत सगळ्यात मोठा कर अण्णांनाच आला. त्यात ज्या कंपनीला आम्ही माल द्यायचो, तिने बिल अडवून धरलं. बाकीचे मालक वाटच बघत होते. "अण्णांनी भरला तर आम्ही भरू," म्हणायचे. अण्णांनी भरला नसता तर रस्ता राहिलाच असता. तरी आमचा पगार त्यांनी थांबवला नाही, फक्त स्वतः जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचे बंद झाले.

आम्हा बायकांची चीटी होती. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे आणि एकीने उचलायचे. त्या महिन्यात माझी पाळी होती. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी ती राखून ठेवली होती. फी भरायला अजून वेळ होता. मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी त्यांच्या टेबलापाशी गेले. "अण्णा, चीटीचे पैसे आहेत. न्या."

"छे! पोरीच्या शिक्षणाचे पैसे घेऊ?"

मागून आमच्यातली यल्लम्मा ओरडली, "गटारात पाय आमचे जातात. घ्या की गुमान!"

अण्णांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. मग पैसे घेतले. फीच्या आधी परत करीन, असं शपथेवर सांगितलं. त्यांनी कर भरला आणि कुरकुरत का होईना, एकेक मालक भरत गेला. दिवाळीनंतर गल्लीत गटार झालं, वर सिमेंटचा रस्ता झाला.

कंपनीचं बिल काही आलं नाही. फीची तारीख आली तेव्हा अण्णांनी मोठं लेथ विकायला काढलं. आयुधपूजेला पहिला हार ज्याला पडायचा, तेच.

"घाई नाही अण्णा," मी म्हणाले. खोटंच म्हणाले.

"फीची तारीख मला ठाऊक आहे. स्वल्प गप्प बसा."

लेथ न्यायला टेंपो थेट दारापर्यंत आला. मशीन चढवताना आम्हाला बघवेना. अण्णा मात्र रस्त्यावर उकिडवे बसून टेंपोच्या चाकांकडे बघत होते. टेंपो वळणापर्यंत गेला, तसे उठले. "बघितलंत? एक धक्का बसला नाही."

मग आत येऊन त्यांनी पैसे माझ्या हातावर ठेवले. मी तसेच पिशवीत घालायला लागले, तर रागावले. "मोजा आधी."

मी मोजले. सगळे होते.