मौनाला न उठलेली वहिनी

माझा भाऊ लिफ्टचा मेकॅनिक होता. लालबागला आमच्या चाळीसमोर जो टॉवर उभा राहिला, त्याच टॉवरच्या लिफ्टच्या डक्टमध्ये पडून तो गेला. त्या दिवशी त्याच्यासोबत कामावर होता तो त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्याच मजल्यावरचा, आईच्या हातचं जेवून वाढलेला. स्मशानातून आल्यावर तो वहिनीसमोर रडत म्हणाला, "सेफ्टी बेल्ट दिलाच नव्हता गं. आम्ही मागून मागून थकलो."

चौकशीत मात्र त्याने सांगितलं, बेल्ट दिला होता, यानेच लावला नाही. दोष भावावर गेला. दोस्त पुढे त्याच कंपनीत सुपरवायझर झाला.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी चाळीच्या मंडळाने पटांगणात श्रद्धांजली ठेवली. हार घातलेल्या फोटोशेजारी माईक घेऊन तोच उभा. "माझा भाऊच होता तो," म्हणाला. "सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळावं."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. वहिनी बसूनच राहिली.

आई कुजबुजली, "अगो, उभी रव. लोक बघतत."

वहिनी त्याच्याकडे बघत एवढंच म्हणाली, "खरं बोलायचं तेव्हा हा गप्पसुद्धा बसला नाही, खोटं बोलला. आता याच्या सांगण्यावरून मी का गप्प उभी राहू?"

शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्याने मान खाली घातली, पण माईक सोडला नाही. मी वहिनीशेजारी बसले. आई उभीच राहिली.

नंतर जिन्यात बायका बोलल्या त्या वहिनीलाच. "स्वतःच्या नवऱ्यासाठी दोन मिनिटं उभं राहवेना?" त्याला कुणी काही विचारलं नाही. बेल्ट दिलाच नव्हता ही गोष्ट त्यांतल्या निम्म्यांनी आमच्या घरात बसून त्याच्याच तोंडून ऐकली होती. ते मला जास्त लागलं.

दोनेक दिवसांनी तो दारात आला. "वहिनी, माझंपण घर चालायचं होतं."

"माझं बंद पडलं," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आता वहिनी परळला एका शाळेत कँटीन सांभाळते. चाळीत दरवर्षी मौन होतं, आई जाते. परवा मौनाला निघताना तिने मला विचारलं, "तू कधी येतलंस?"

मी म्हटलं, "तो खरं सांगेल त्या वर्षी."

आई पदर सारखा करून खाली उतरली.