न जाळलेलं अंथरूण

बापाला मारून परसात पुरलं, या संशयावरून ज्याला मी ठाण्यावर आणलं, तो माणूस मला अजून विसरता येत नाही. नोकरीत खुनी पाहिले, चोर पाहिले, साळसूद चेहऱ्याचे लबाड तर रोजचेच. पण बापाला दिलेल्या शब्दासाठी खुनाचा आळ निमूट अंगावर घेणारा हा एकच.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी फौजदार होतो आणि नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात, महामार्गालगतच्या एका ठाण्यावर होती. मी मूळचा सांगलीकडचा, म्हणजे इथल्या भाषेत घाटावरचा. इकडे गुन्हे कमी आणि तक्रारी फार, हे लवकरच ध्यानात आलं. कोणी हद्दीचा दगडी गडगा सरकवला, कोणी पायवाट अडवली, कोणी कलमावरचे आंबे उतरवले. आमचे जमादार म्हणायचे, "साहेब, इथं माणूस हात उचलत नाही, लेखणी उचलतो."

शिमगा नुकताच उरकला होता. सावर्ड्याच्या बाजाराच्या दिवशी आतल्या एका वाडीतला इसम ठाण्यावर आला. पाणी प्यायला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सायेब, माजा चुलता दिवाळीपासना कुनाला दिसला नाय."

त्याची हकिगत अशी होती. चुलता वाडीतला मानाचा म्हातारा. थोरला मुलगा मुंबईला गोदीत कामाला, धाकटा घरी, चिरेखाणीवर मजूर. बापाला सांभाळतो म्हणून थोरला धाकट्याच्या नावे दरमहा मनिऑर्डर करायचा. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्याने पुढे होऊन नारळ द्यायचा असतो. यंदा म्हातारा बाहेरच आला नाही. धाकटा म्हणाला, बाबा मुंबईला थोरल्याकडे गेलेत. "मंग मनिआर्डर अजून कशी येते, सायेब? आनि मागल्या दारी खड्डा कशाला काढलान त्यानं? रातोरात बुजवलान पन!"

खबर देणाऱ्याने काय सांगितलं याच्याइतकंच, तो ते आज का सांगतोय हे पाहावं लागतं. चौकशी केली तेव्हा या इसमाचा आणि धाकट्याचा गडग्यावरून जुना वाद असल्याचं कळलं. पण वैऱ्याने दिलेली खबर खोटीच असते असं नाही. उलट शेजारच्या परसात काय चाललंय यावर वैऱ्याइतकी बारीक नजर दुसऱ्या कोणाची नसते. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि मुंबईला बिनतारी संदेश धाडला. उत्तर आलं की थोरला गोदीत कामावर आहे आणि बाप त्याच्याकडे आलेला नाही.

आता मात्र गोष्ट सरळ राहिली नव्हती. तहसील कचेरीची परवानगी काढली आणि नायब तहसीलदार, पोलीस पाटील आणि दोन पंचांना घेऊन वाडीवर गेलो. धाकटा तिशीचा, काटक, अंगावर जांभ्या दगडाची लाल धूळ. खड्डा दाखव म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला, पण त्याने मुकाट्याने जागा दाखवली. त्याची बायको दारात पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. सगळी वाडी गडग्यावर चढून बघत होती.

कुदळ चालली. कंबरभर खोलीवर कापड लागलं. गडग्यावर एकदम "अरे देवा!" झालं. वर काढलं तर एक गादी, दोन गोधड्या, एक धोतर. सगळं घाणीने माखलेलं, कुजलेलं. अजून खाली खणलं, तर नुसता कातळ लागला. प्रेत नव्हतं. पण म्हाताऱ्याचं अंथरूण जमिनीत आणि म्हाताऱ्याचा पत्ता नाही, याचा अर्थ कोणीही काढावा तोच मी काढला. पंचनामा केला आणि धाकट्याला जीपमध्ये घातलं.

चौकशी म्हणजे मारहाण, असा लोकांचा समज असतो. माझी पद्धत वेगळी होती. मी माणसाला बसवायचो, चहा द्यायचो आणि तेच तेच विचारायचो. खोटं बोलणाऱ्याला आपलंच आधीचं वाक्य आठवत बसावं लागतं आणि तो थकतो. हा थकत नव्हता, कारण हा बोलतच नव्हता. बाप कुठे आहे? गप्प. गादी कोणाची? "बाबाची." पुरली कोणी? "मी." का? पुन्हा गप्प.

शेवटी माझंच डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मी ओरडलो, "अरे शहाण्या, पुरावाच नष्ट करायचा होता तर काडी लावायची! वाळलेल्या पानांत गादी घातली असतीस तर राखही सापडली नसती. पुरून ठेवलीस कशाला?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. डोळे पाण्याने भरले होते आणि त्यात रागही होता.

"जाळू कशी, सायेब? मेल्या मानसाचं अंथरून जाळतात! बाबा जिता हाय माजा. जित्या बापाचं अंथरून कोन जाळतो?"

मी खुर्चीत मागे टेकलो. जमादार माझ्याकडे बघायला लागले. ज्याने बापाचा जीव घेतला, तो बापाच्या अंथरुणाला काडी लावायला कचरणार नाही. हा माणूस आपल्या बापाला अपशकुन होऊ नये म्हणून अंगावर संशय ओढवून बसला होता. त्याच क्षणी माझा तपास खुनाचा राहिला नाही. पण म्हातारा कुठे आहे, ते तो तरीही सांगेना. "बाबानं गावदेवीची शपथ घातलीय," एवढंच.

बाहेर ओसरीवर त्याची बायको येऊन बसली होती. नवऱ्यासाठी भाकरी आणली असेल म्हणून मी तिला आत घेतलं. तिच्याजवळ भाकरीचं फडकं होतंच, पण सोबत एक गाठोडं होतं. जमादारांनी शिरस्त्याप्रमाणे सोडून पाहिलं. आत पायलीभर तांदूळ, कुळीथ आणि वेगळ्या पुडीत मीठ.

"हे कोणाला?"

ती रडकुंडीला आली. "सायेब, ह्यांना नाय सोडलंत तरी चालंल, पन हे आज पोचाया हवं. नायतर कोनी उपाशी ऱ्हाईल."

तांदूळ कोणी कोणालाही नेतं. मीठ कोण नेतं? ज्या घरी चूल पेटते त्या घरी मीठ असतंच. आणि एकदम मला माझी आजी आठवली. आत्याकडे राहायला जाताना ती शिधा बरोबर बांधून न्यायची, मिठासकट. दिलेल्या लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही, हा तिचा नेम. आत्या रडायची, रुसायची, पण आजी आपली चूल अंगणात मांडायची. आम्ही पोरं तिच्या या हट्टाची नक्कल करून हसायचो.

मी विचारलं, "बाई, तुझी नणंद कुठं दिलीय?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले. मग ती पुटपुटली, "अलोऱ्याच्या अलीकडं."

दोघांना जीपमध्ये घेतलं आणि निघालो. वाटेत धाकट्याने सगळं सांगितलं. दिवाळीच्या सुमारास म्हाताऱ्याला अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. हा दिवसभर चिरेखाणीवर, नाही गेला तर त्या दिवसाचा रोज बुडतो. घरात सून एकटी. तिने हात लावू म्हटलं तर म्हातारा अंग चोरायचा, ओरडायचा. सुनेने सासऱ्याचं उघडं अंग पुसायचं, हे त्याला मरणाहून कठीण. संध्याकाळी मुलगा घरी येईपर्यंत तो तसाच घाणीत पडून राहायचा. पाठीला जखमा झाल्या. एक दिवस बहीण भेटायला आली, बघितलं, आणि कोणाचं न ऐकता रातोरात बापाला घेऊन गेली. म्हाताऱ्याची अट एकच होती. दोन मुलगे असताना बाप जावयाच्या दारात पडलाय, हे गावात कळता कामा नये, आणि मुंबईला तर नाहीच. खराब झालेलं अंथरूण बाहेर टाकलं तर वाडीत विचारणा झाली असती, म्हणून धाकट्याने ते रात्री परसात पुरलं.

घर साधं, शेणाने सारवलेलं. ओटीवर बाजेवर म्हातारा पडला होता. अंगावर धुतलेली बंडी, दाढी केलेली, पाठीखाली मऊ चिंध्यांची उशी. इतका स्वच्छ ठेवलेला लकव्याचा रोगी मी सरकारी दवाखान्यातही पाहिला नव्हता. माझा गणवेश बघून त्याने पहिला प्रश्न अडखळत मुलाला केला, "सांगितलंस?" मी म्हटलं, "नाही आजोबा. त्याने एक अक्षर काढलं नाही. मी शोधलं." माझ्या मनातून मोठं ओझं उतरलं होतं, हे कबूल करायला हवं.

पण घरातलं दुखणं अजून बाकी होतं. जावई अलोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीत रोजंदारीवर जाणारा, मवाळ माणूस. त्याची आई मात्र तिखट. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सायेब, म्हाताऱ्याला ठेवाया माजी ना नाय. पन सून कामाला जायची ती घरात बसली. पोराच्या एकल्याच्या रोजावर सगळी तोंडं. तेल हाय, औषद हाय, बकरीचं दूद हाय. मुंबैचे पैसे हाती घेऊ देत नाय म्हातारा. म्हनतो, जावयाला पैसे देऊन ऱ्हायलो तर भाडेकरू झालो! आनि आमच्या घरचं मीठ पन चालत नाय. आमी काय माती खातो? पावसाच्या आत न्या म्हनावं ह्याच्या पोरांना."

तिचं काय चुकलं? मला तर तिचा राग येईना. म्हातारा घरात राहत होता, पण त्याच्या मानापायी मदतीचा पैसा घराच्या उंबऱ्यावर अडला होता. धाकटा त्यातून बापाचा शिधा भरायचा, उरलेले तसेच सांभाळून ठेवायचा. त्याला बिचाऱ्याला ना ते खर्चता येत होते, ना परत करता. जमादारांनी निराधार अनुदानाची कल्पना काढली, पण दोन कमावते मुलगे असलेला माणूस सरकारदरबारी निराधार ठरत नाही. पावसाच्या आत त्याला हलवलं असतं, तर पुन्हा तीच घाण आणि त्याच जखमा.

थोरला दुसऱ्या दिवशी वाडीवरून थेट बहिणीच्या घरी आला; मी जबाब घ्यायला तिथेच होतो, धाकटाही होता. बिनतारी संदेशावरून मुंबई पोलिसांनी त्याच्याकडे बापाची चौकशी केली होती. बाप गेलाच, असं धरून तो रडत आला आणि बाप जिवंत पाहून भडकला. आधी धाकट्याची गचांडी धरली. मग सगळ्यांवर तोंड सोडलं. "मी पैसे पाठवतो ते बापानं जावयाच्या ओटीवर पडावं म्हणून? मुंबईत लोकांना काय सांगू? आजच्या आज बाबाला घरी न्यायचं!"

बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे, तसेच. ती काही भांडकुदळ बाई नव्हती, आवाज चढवला नाही.

"दादा, तू पैसे धाडलेस, मी नाय म्हनत नाय. ने बाबाला. पन आदी सांग, दुपारचं त्याची कूस कोन बदलनार? वैनी येनार मुंबैवरना?"

थोरल्याने धाकट्याची गचांडी सोडली. मी कायद्याचा माणूस, पण तिथे मला एकही कलम आठवेना. आई-बापाला सांभाळलं नाही तर पोटगी मागता येते. जी सांभाळते तिने कोणाकडे मागायचं, ते कुठे लिहिलेलं नाही.

म्हातारा हे सगळं पडल्या पडल्या ऐकत होता. त्याने उजवा हात हलवून लेकीला बोलावलं. शब्द जड येत होते, पण सगळ्यांना कळले.

"बाय, भूक लागली गो. वाढ."

ती सवयीने ओटीच्या कोपऱ्यात वेगळ्या मांडलेल्या चुलीकडे वळली. म्हाताऱ्याने मान हलवली. "त्यातला नको. तुज्या टोपातला वाढ."

ती जागच्या जागी उभी राहिली. मग तिची सासू, ती तिखट म्हातारी, स्वतः आत गेली आणि घरच्या टोपातला भात, वर आमटी घालून घेऊन आली. लेकीने भरवला. म्हाताऱ्याच्या तोंडाच्या एका कडेने आमटी गळत होती आणि डोळ्यांतून पाणी. पाच-सहा घास खाल्ले असतील. थोरला भिंतीला टेकून खाली बसला, गुडघ्यांत डोकं घालून.

मग डोकं वर करून त्याने विचारलं, "बाबा, पैसे आता कोणाच्या नावानं पाठवू?"

म्हातारा म्हणाला, "माज्यासाटी जी उठते, तिच्या."

खबर निराधार असल्याचा अहवाल मी पाठवला आणि प्रकरण दप्तरी दाखल झालं. पुढल्या महिन्यापासून मनिऑर्डर बहिणीच्या नावे येऊ लागली. अलोऱ्याकडे गस्तीला गेलो की मी त्या ओटीवर चहा घ्यायचो. म्हातारा आणखी काही वर्षं जगला, आणि पाठीला पुन्हा जखम झाली नाही.

गुन्ह्यात फायदा कोणाचा झाला ते आधी बघा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्या तपासात पैसा ज्याच्या हाती दिसला त्याला मी धरलं आणि पार चुकलो. पुढे बदल्या होत गेल्या. आई-बापाला सांभाळण्यावरून भांडणारे भाऊ प्रत्येक ठाण्यावर भेटले, प्रत्येकजण आपण किती देतो ते सांगायचा. मी ऐकून घ्यायचो आणि एवढंच विचारायचो, की रात्री म्हाताऱ्याने हाक मारली तर उठतं कोण? बहुतेक वेळा त्या माणसाला कोणी ठाण्यावर आणलेलंच नसायचं. मग त्याला भेटायला मी जीप काढायला सांगायचो.