कोणते पाटील?

सिडकोतल्या आमच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईंचं नाव मला आजही ठाऊक नाही. भुवयांवर कायम पीठ, आणि दळण चिमटीत चोळून बघायची सवय.

त्या दिवसांत मी एका प्रोग्रामिंग भाषेच्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करत होतो. एखादी मेथड, म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, बोलावली आणि त्या नावाच्या दोन सापडल्या, की तो गुपचूप पहिली उचलायचा. त्याला हुशारीनं अंदाज लावायला शिकवताना मी महिनाभर डोकं फोडत होतो.

एकदा दळणाला गेलो, तर ज्वारीच्या दोन डब्यांवर ‘पाटील’ लिहिलेलं, आणि ‘जाड दळा’ ही चिठ्ठी खाली पडलेली. बाईंनी चालू गिरणी बंद केली आणि गल्लीत जाऊन ओरडल्या, “कोणते पाटील?”

“लावायचा की एक अंदाज,” मी म्हणालो.

“अंदाजानं दळलं तर पिठाचा पुन्हा दाणा व्हतो व्हय, दादा?”

मी डबा तिथंच टाकून घरी पळालो. अंदाजाचा सगळा कोड उडवला. दोन मेथड जुळल्या तर कंपायलर आता थांबून विचारणार होता. चालवला, आणि पहिल्याच फटक्यात माझाच दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्राम एकाच नावाच्या दोन मेथडवर अडला. मी वेड्यासारखा हसत सुटलो. दोन वर्षं मी एका पाटलांचं दळण दुसऱ्या पाटलांच्या घरी पोचवत होतो!