ठोके मोजणं सुटलं तो सोमवार

हृदयाचे ठोके अनियमित पडतात असं निदान झालं, तेव्हा मी कोथरूडच्या एका शाळेत गणित शिकवत होते. वय चोपन्न. डॉक्टरांना मी एकच विचारलं, "आयुष्य किती कमी होईल?" ते म्हणाले, "रक्त पातळ ठेवण्याची गोळी नियमित घेतलीत तर पुष्कळ जगाल. नाही घेतलीत, तर गुठळी मेंदूत जाण्याची भीती आहे." मला त्यातली फक्त भीती ऐकू आली. शंकरापुढे दिवा लावतानाही माझी दोन बोटं मनगटावर असायची.

त्याच सुमारास माझ्या मुलीला तिच्या कंप्युटर कंपनीने दोन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. घरात आम्ही दोघीच. "तू नको म्हणालीस तर नाही जाणार," ती म्हणाली. "बघू" म्हणत मी विषय टाळला. गोळीने अंगावर निळे डाग पडत होते, म्हणून कुणाला न सांगता मी ती बंद केली. सगळं देवावर सोडलंय, अशी स्वतःची समजूत घातली.

पाचव्या दिवशी, सोमवारी, शंकराच्या देवळाच्या पायरीवर मला गरगरलं. मी तिथेच बसले. शेजारी सत्तरी उलटलेल्या एक बाई चपला घालत होत्या. माझ्या मनगटावरच्या बोटांकडे पाहून म्हणाल्या, "मोजून काही हाती लागत नाही. माझे ठोके एकोणीस वर्षं असेच पडतायत. गोळी घेता ना?"

"अहो, मी सगळं देवावर सोडलंय."

"आपल्या हातात नाही ते त्याच्यावर सोडायचं. गोळी आपल्या हातात आहे."

त्यांनीच रिक्षा थांबवली, मला डॉक्टरांच्या दाराशी उतरवलं आणि नाव विचारायच्या आत त्याच रिक्षाने निघून गेल्या.

डॉक्टर रागावले. मग रक्त तपासून त्यांनी गोळीची मात्रा बदलली. संध्याकाळी मी मुलीला म्हणाले, "तू जा. मी व्यवस्थित राहीन." बोलताना आवाज कापला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

याला आता चौदा वर्षं झाली. मुलगी जाऊन आली, मी निवृत्त झाले. ठोके अजूनही वेडेवाकडेच पडतात, पण मोजणं त्या सोमवारी सुटलं ते सुटलंच. पुढे कित्येक सोमवार मी त्या बाईंना शोधलं. त्या दिसल्या नाहीत. त्या कोण होत्या, हा विचार मी आता करत नाही. त्यांना त्या वेळी त्या पायरीवर आणणाऱ्याचे आभार तेवढे मानते. शरण जाणं म्हणजे स्वस्थ बसून राहणं नव्हे, हे मला उशिरा का होईना, कळलं. माझ्या वाट्याचं मी करते. दिवस किती द्यायचे, ते त्याने ठरवावं. आजवर त्याने हात आखडता घेतलेला नाही.