संस्था बंद करायला निघालो तेव्हा

संस्था चालवताना घडतात ते किस्से काहीच नाहीत राव. ती बंद करायला निघा, मग बघा!

आमची संस्था म्हणजे मंचरमधली एक खोली. कॉट, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर असलं सामान आजारी माणसांना घरी फुकट वापरायला द्यायचो. नर्सची नोकरी संपल्यावर सुमनताईंनी नव्वद सालाच्या आसपास ती काढली आणि मला सेक्रेटरी केलं. दहा-बारा वर्षांनी त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. ठरलं, आता कुलूप. ताईंना एकच घोर होता, की आपल्यामागं हे सामान गोठ्यात धूळ खात पडेल आणि गरजू माणूस तसाच राहील.

*

सामान परत आणा म्हणून गावोगाव निरोप धाडले. पहिल्यांदा आल्या अवसरीच्या एक काकू, बेडपॅन घेऊन. घासून लख्ख केलेलं आणि आत शेरभर भुईमुगाच्या शेंगा! भांडं रिकामं कसं परत द्यायचं? ताईंनी त्या भाजल्या आणि समोर बसून आम्हाला खायला लावल्या.

*

आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्यानं व्हीलचेअर आणली. तिला स्कूटरचा हॉर्न, दोन्ही बाजूंना आरसे, मागं लाल रिफ्लेक्टर. म्हणाला, "आबांना फाट्यावर ट्रकांमधनं वाट काढायची व्हती." आबा गेले, पण त्या खुर्चीसाठी पुढं लोकांनी नंबर लावले.

*

एका धनगरबाबांचा पाय कधीच बरा झालेला, पण कुबडी सोडेनात. मेंढरं आता काठीला जुमानत नाहीत, कुबडीलाच भितात म्हणे. आम्ही मुकाट्यानं ती रजिस्टरातून कमी केली.

*

उरलेलं सामान ताईंनी चार गावांतल्या चार बायकांकडे सोपवलं. नियम एकच: ओळख बघायची नाही, घरी जाऊन माणूस बघायचा. अवसरीचं सामान भामाबाईंकडे गेलं आणि खोलीला कुलूप लागलं.

चार महिन्यांनी ताई अंगणात घसरल्या, पाय चांगलाच मुरगळला. वॉकरसाठी अवसरीला निरोप दिला. दुसऱ्या दिवशी भामाबाई एसटीनं हजर, पण वॉकरशिवाय! त्यांनी ताईंना उठवलं, भिंतीला धरून चार पावलं चालवलं आणि म्हणाल्या, "वॉकर निरगुडसरला जाईल. तिथल्या बाईला उभंबी ऱ्हाता येत न्हाई. तुमचा नंबर दुसरा."

मी भडकलो. म्हटलं, अहो, तो वॉकर ताईंनीच आणलेला! भामाबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, पिशवी उचलली आणि गेल्या.

मागं वळलो तर ताईंच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, पाय ठणकतोय, म्हणून गोळी शोधायला लागलो.

"गोळी राहू दे," ताई म्हणाल्या, "आधी पेढे घेऊन ये."