जेजुरीआधी सुटलेलं कंकण

आमच्या शेडमध्ये ड्रिल मशीनला हात लावायच्या आधी माणसाला माझ्यापुढं दोन्ही हात करावे लागतात. अंगठी, कडं, घड्याळ काढायचं, बाह्या कोपराच्या वर घ्यायच्या. लोखंडी पट्टी हातानं धरायची नाही, वाईसच्या जबड्यात आवळायची. आणि हातमोजा अजिबात चालणार नाही. नवीन माणूस इथं हमखास अडतो. "ताई, मोज्यानं तर हात वाचतो की." वेल्डिंगला वाचतो, बाबा. ड्रिलवर फिरत्या बिटानं मोज्याचा एक दोरा जरी धरला तरी मोजा गुंडाळत जातो, आणि मोज्याबरोबर आतला हात. माझ्या तोंडाला सगळे भितात आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या उसाच्या ट्रॉल्या आमच्याकडं दुरुस्तीला येतात, आणि आजवर या शेडमधून कुणी बोट गमावून घरी गेलेलं नाही.

गेल्या हंगामात माझ्याकडच्या सगळ्यात चांगल्या कारागिराचं लग्न झालं. घर धनगराचं, मांडवगण फराट्याच्या बाजूला बागायती करून राहिलेलं. अंगाची हळद निघायच्या आत गडी कामावर हजर. मी चहा घेऊन वळते तर हा मोजे घालून ड्रिलपुढं उभा. मी आधी लाल बटण दाबलं आणि मग तोंड सोडलं.

"मोजा काढ."

काढेना. मीच ओढून काढला. आत मनगटाला लग्नाचं कंकण, हळकुंड बांधलेला पिवळा दोरा. त्यांच्या घरात हे कंकण जेजुरीला देवापुढंच सुटतं, नवरानवरीनं एकमेकांचं सोडायचं. आणि देवाला जाताना थोरला चुलता बरोबर पाहिजे. तो मेंढरांमागं कोकणात उतरलेला, कधी परतेल त्याचा नेम नाही. तोवर कंकण मला दिसू नये म्हणून यानं वर मोजा चढवला होता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मी त्याला रंगकामाला लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन त्याची आई आली, मागं नवी सून. शेडच्या दारातच आईनं सुरुवात केली. "माझ्या पोराला रंगाच्या डब्यावर बसवलंस व्हय? नव्या नवरीनं काय म्हनावं?"

"मावशी, कंकण सोडा, आत्ता मशीनवर उभा करते."

"देवाच्या आदी? आमच्यात कंकन बांधूनच मेंढरं कातरली, नांगर धरला. काय झालं न्हाई कुनाला."

"मेंढरू ओरडलं की तुम्ही थांबता. हे थांबत नाही."

तिनं माझ्या मनगटांकडं पाहिलं. "जिच्या हातात बांगडी न्हाई, तिला कंकनाचं काय कळायचं?"

हे मला लागलं. नवरा जिवंत असताना मोकळ्या हातानं फिरते म्हणून मी बरंच ऐकून घेतलंय, पण माझ्याच शेडमध्ये, माझ्याच माणसांपुढं कुणी बोललं नव्हतं. उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं आणि बाहेर हुकाच्या दुरुस्तीला आलेल्या ट्रॉलीतून एक ऊस ओढून आणला. त्याच्या शेंड्याला पोराचा मोजा चढवून सुतळीनं बांधला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि मशीन चालू केलं. बुडखा हातात सैल धरून मी लांबूनच मोजा बिटाला टेकवला.

ऊस हातातून कधी गेला ते मलाही कळलं नाही. एक हिसका बसला आणि कांड्या पिळून फुटल्या, पत्र्यावर रस उडाला. मोजा बिटाभोवती गच्च बसला आणि फिरतच राहिला. मी बटण दाबलं.

 मावशीनं पोराचं मनगट धरलं आणि सोडेना.

"चुलता येईस्तोवर घरीच बसल ह्यो," ती म्हणाली.

तेवढ्यात सून बोलली.  शिक्रापूरला ती पॅकिंगच्या लाइनवर जायची, आणि तिच्याही मनगटाला तसंच कंकण होतं. "आत्या, माझी सुट्टी उद्या संपती. तिथं बी पट्टा फिरतो. मी बी घरी बसू का?"

मावशीनं सुनेच्या हाताकडं बघितलं, मग मशीनकडं. मला म्हणाली, "ह्या मशिनीची वायर काढ आदी."

मी काढली. तिनं पदराची गाठ सोडली, भंडाऱ्याची चिमूट घेऊन मशीनच्या कपाळाला लावली आणि दोघांना पुढं ढकललं. "सोडा."

"हितं?" पोरगं म्हणालं.

"हितंच. एका हातानं, रीतीपरमानं."

नवरीनं त्याची गाठ चटकन सोडली. याला मात्र तिची गाठ काही सुटेना. ज्या पोराच्या हातून जाड पट्टीतलं भोक केसभरही हललेलं मी पाहिलं नव्हतं, त्याला एक दोरा आवरेना. शेडमधले सगळे हसले, नवरीही हसली. मला हसू आलं नाही, मला रडू येत होतं.

शेवटी सुटलं. मावशीनं दोन्ही कंकणं पदरात बांधली.

"जेजुरीला मी घिऊन जाती," ती म्हणाली. "देवाला म्हनंन, दोरा तुजा हाय, ह्यो घे. हात बी तूच दिल्यालं, ते ऱ्हाऊ दे."