इसाक ड्रायव्हरच्या ट्रेलरवरची सव्वीस माणसं

सोनगीर ते धुळे या रस्त्यावर इसाक ड्रायव्हरइतका नावडता माणूस शोधूनही सापडला नसता. दारू नाही, विडी नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तरी लोक त्याच्या नावानं बोटं मोडत. कारण एकच. धुळ्याच्या बन्सीलाल शेठच्या जिनिंगची पिकप तो चालवायचा. मागे ट्रेलर जोडलेला असायचा, जाता-येता एका खेपेला तो रिकामाच असायचा, आणि त्या रिकाम्या ट्रेलरवर तो कुणाला म्हणजे कुणालाच बसू देत नसे. बाजाराचं ओझं डोक्यावर घेतलेल्या बाया हात करायच्या, म्हातारे काठी आडवी धरायचे. शेजारच्या सीटवर जो पहिला हात करील त्याला तो जागा द्यायचा. पण जागा मिळालेला एक आणि धुरळ्यात राहिलेले दहा, तेव्हा शिव्यांचंच पारडं जड व्हायचं. "रिकामा डबा वढस आन मानूस बसाडस नही," लोक म्हणायचे. "शेठ परवडना, पन हाऊ नही."

आता त्यांचंही खरंच होतं. रिकामं वाहन जात असताना उन्हातल्या माणसाला वर न घेणं म्हणजे दारी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. असला माणूस कुणाला आवडेल? चार वर्षांत इसाकशी दोन शब्द बोलणारं सबंध रस्त्यावर एकच घर उरलं होतं, सोनगीरच्या कौतिक आबांचं. ते का उरलं होतं, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल.

इसाकचा बाप धुळ्यात भाड्याची बैलगाडी हाकायचा. गाडी भरावी तर त्यानंच, अशी त्याची ख्याती. पोती तो आसाच्या किंचित मागे सरकवून रचायचा आणि मग गाडीची दांडी एका हातानं उचलून दाखवायचा. जुवावर भार नको, बैलांच्या माना दुखायला नकोत, एवढं एकच शास्त्र तो जन्मभर पाळत आला. इसाक आणि त्याचा धाकटा भाऊ रहीम हेच बघत मोठे झाले.

१९५२ साली शेठनं लष्कराच्या लिलावातून पिकप आणि ट्रेलर आणला. इसाक ड्रायव्हर झाला, रहीम त्याचा क्लीनर. पहिल्याच मोसमात सोनगीरहून भुईमुगाची पोती भरायची होती. इसाकनं ती स्वतः रचली, बाप रचायचा तशी, मागच्या अंगाला. दांडी एका हातानं उचलून त्यानं पिकपच्या हुकात अडकवली आणि मोठ्या तोऱ्यात रहीमला म्हणाला, "पाह्य, फूलसारखी शे." रहीम हसला आणि पोत्यांवर जाऊन बसला.

लोखंडाच्या गाडीला दुखायला मान नसते. मागचं थोडं ओझं आपल्या अंगावर दाबून ठेवलेलंच तिला हवं असतं. दांडी हलकी झाली की ट्रेलर शेपूट हलवू लागतो. गावाबाहेरच्या उतारावर गाडीनं वेग घेतला, ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणखी जोरानं डावीकडे गेला. इसाकनं घाबरून कचकन ब्रेक दाबला. ट्रेलर पिकपला वळसा घालून पुढे आला आणि कलंडला. शेजारच्या शेतात काम करणारे कौतिक आबा धावत आले. एकेक पोतं बाजूला फेकून त्यांनी रहीमला बाहेर काढलं. तोवर सगळं संपलं होतं.

दांडी का हलकी नको आणि शेपूट हललं की ब्रेक का दाबू नये, हे इसाकला महिन्याभरानं धुळ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं समजावलं. इसाकनं ऐकून घेतलं आणि कुणालाही सांगितलं नाही. लोक म्हणाले होते, रस्ता वाईट होता. आबा म्हणाले होते, त्याचे दिवस भरले होते. बाप आधीच वारला होता; आई, हसीनाबी, पुढच्याच वर्षी गेली. तीही अल्लाची मर्जी म्हणतच गेली. एका खोलीच्या घरात इसाक उरला, आणि आपण भावाला कसं मारलं ही माहिती त्याच्यापाशी उरली. ती फार मोठी सोबत असते असं नाही.

रहीम गेला त्या दिवसापासून आबांच्या ओट्यावर मात्र त्याला जागा झाली. मंगळवारी खेप असली की आबांच्या बायको लताबाई त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा बाहेर आणून ठेवायच्या. त्याची थाळी वेगळी असायची, तसा रिवाजच होता, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं असतं हे त्या ओट्यावर कुणाच्या मनातही आलं नाही. आबा पिकापाण्याचं बोलायचे, इसाक हूं हूं करायचा. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस तो या अर्ध्या तासावर काढायचा.

छप्पन्न सालच्या वैशाखात आबांच्या मुलाचं, अभिमनचं लग्न ठरलं. मुलगी पारोळ्याच्या अलीकडच्या खेड्यातली, मुहूर्त गोरज. शेठनं पिकप आणि ट्रेलर एक दिवसासाठी फुकट दिला. आबा इसाकला म्हणाले, "वऱ्हाड तूच लई जाजो."

"आबा, मी ट्रेलरवर मानसे बसाडस नही."

"ते रस्तावरना लोकेस्ले सांग. तू घरना शे."

घरचा आहेस, हे त्याला चार वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं तर हा ओटा जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. तो गाडीकडे गेला, दांडीचा हुक हलवून बघितला आणि म्हणाला, "मी सांगसू तठेच बठ्ठासनी बठानं. उतारले बठ्ठासनी उतरानं. कबूल?"

उतारावर सगळ्यांनी उतरायचं हे ऐकून आबा हसले. लग्नघरच्या माणसाला त्या दिवसात कशालाही कबूल म्हणता येतं.

वऱ्हाड सव्वीस माणसांचं. निघायची वेळ बाराची होती, तर नवरदेवाचे मामा, तोताराम, दोन वाजता उगवले. भरभक्कम देह, डोक्याला पिवळा फेटा. ते थेट ट्रेलरच्या मागच्या कडेला जाऊन पाय खाली सोडून बसले. बैलगाडीत मानाची जागा तीच. धूळ लागत नाही, पाय मोकळे राहतात, गाव बघतं. आजूबाजूला आणखी पाच-सहा बाप्ये तसेच बसले.

इसाक त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "मामा, तुम्ही पुढे बठा. मांगे कोनीच नही बठानं."

"पुढे?" मामांनी पिकपच्या नळीतून निघणारा काळा धूर बघितला. "मी नवरदेवना मामा शे. धूर खावाले उनू का मी?"

"तुमनं वजन पुढे पाहिजे, मामा."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि झालं, मामा रुसले. खाली उतरून चिंचेखाली जाऊन बसले. आपल्याकडे मामाचा रुसवा म्हणजे अर्ध्या तासाचं कलम. आबांनी हात जोडले, लताबाईंनी नवं उपरणं दिलं, तेव्हा मामा उठले आणि पुढच्या फळीला टेकून, सगळ्यांकडे पाठ करून बसले. इसाकनं हुकाची खीळ बघितली, साखळी ओढून बघितली, दांडी दोन्ही हातांनी उचलायला गेला. ती उचलली नाही. मग तो गाडीत बसला. निघता निघता तीन वाजले.

गावाबाहेरचा तो उतार आला तसा त्यानं सगळ्यांना उतरवलं. वैशाखातलं ऊन, डांबर पायाला चिकटतंय, आणि बाशिंग बांधलेला नवरदेव उतार पायी उतरतोय. समोरून येणाऱ्या लाकडाच्या गाडीवाल्यानं विचारलं, "काय भो, गाडी बंद पडनी का?" रिकामा ट्रेलर घेऊन इसाक पहिल्या गिअरमध्ये खाली गेला, रहीम जिथं पडला त्या जागेवरून, आणि पुढे जाऊन वाट बघत थांबला. आबांना ती जागा माहीत होती. त्यांनी मान खाली घातली.

पुढे दर चार मैलांवर तो थांबायचा. चाकाच्या तोंडाला हात लावून गरम झालंय का बघायचा, खीळ बघायचा, आणि मागे सरकलेल्यांना हाताला धरून पुढे आणायचा. माणसांचं ओझं पोत्यांसारखं नसतं, ते आपणहून सरकतं. पांझरा नदीच्या पुलावर धुळ्याची पोरं वऱ्हाडाच्या बरोबरीनं चालत होती, इतका त्याचा वेग. चालत चालत ती पुढेही निघून गेली. मामा मोठ्यानं म्हणाले, "पुढला सालले पोचसूत आपन."

धुळं मागे पडलं. सूर्य कलला तशी लोकांची चुळबूळ वाढली. एका लहानशा उतारावर, जिथं उतरवण्याइतकं काही नव्हतं, इसाकनं गाडी थोडी सोडली. मागे कुणीतरी म्हणालं की नवरीकडची माणसं सामोरी येताहेत का बघा, पुढे पिकप आड येते, मागच्या कडेवरून बाजूला वाकलं की पुढचा रस्ता दिसतो. आणि सात-आठ बाप्ये एकदम उठून मागच्या कडेला गेले.

इसाकला ते पाठीनं कळलं. पिकपचा मागचा भाग अलगद वर आल्यासारखा झाला, आणि ट्रेलर डावीकडे गेला. उजवीकडे गेला. वर बसलेल्या बाया झोका मिळाल्यासारख्या खिदळल्या. इसाकचा पाय ब्रेककडे गेला. तो त्यानं तिथंच रोखला, नुसता पेट्रोलवरचा दाब काढून घेतला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरून ठेवलं आणि वाट बघितली. डावीकडे. उजवीकडे, थोडं कमी. डावीकडे, आणखी कमी. मग ट्रेलर मुकाट मागे येऊ लागला.

त्यानं गाडी कडेला, एका बाभळीजवळ घेतली, खाली उतरला आणि मागे गेलेल्यांना एकेक करून पुढे बसवलं. मग खीळ, साखळी, चाकं सगळं पुन्हा तपासलं. गाडी सुरू करायला मात्र तो वर चढला नाही. तो तसाच पायरीवर बसून राहिला. आबा आले, म्हणाले, "इसाक, येळ व्हई ऱ्हायना." तो म्हणाला, "थोडासा थांबा, आबा." ते थोडंसं अर्ध्या तासाचं झालं. त्या अर्ध्या तासात सूर्य बुडाला.

मांडवात पोचले तेव्हा गुरं केव्हाच गोठ्यात गेली होती आणि भटजी पंचांगाची पानं उलटत होते. दुसरा मुहूर्त निघाला तो थेट सकाळचा. नवरीकडचा एक म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नवरदेव बैलगाडीवर येता, तर येळवर उना असता." मामांनी लगेच पायी उतरवल्याची गोष्ट रंगवून सांगितली. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. सबंध आयुष्यात पंचांपुढे उभं राहायची वेळ न आलेला माणूस आपल्या मुलाच्या मांडवात गुन्हेगारासारखा उभा होता.

इसाक उतरणाऱ्यांना मोजत होता. सव्वीस. त्यानं पुन्हा मोजले.

आबा त्याच्याजवळ आले. आवाज चढवला नाही, तेवढं त्यांनी पाळलं. "सरळ सडक व्हती इसाक. काय व्हनार व्हतं?"

इसाकला वाटलं, हेच एक माणूस आहे. यानंच पोती बाजूला फेकली होती. याला कळेल. चार वर्षं आत कोंडलेलं एकदम वर आलं आणि तो बोलून गेला.

"आबा, रहीमना येळले टेलर मीच भरेल व्हता. वजन मांगे लोटेल व्हतं, मना बाप लोटे तसं. माले मालूम नव्हतं. त्याले मीच मारं, आबा. आन आज बी तसंच व्हवाले व्हतं, आते, बाभूयजोडे."

मांडवातून सनईचा आवाज येत होता. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की जणू तो माणूस त्यांनी पूर्वी कधी पाहिलाच नसावा. मग अंगणातल्या हळदीच्या कलशांकडे बघितलं, आणि दोन पावलं मागे सरकले.

"हाई तुले आजच सांगनं व्हतं का?" ते म्हणाले. "मना पोरना लगीनमा? मयतनी गोष्ट?"

मुहूर्त चुकला होता, तेवढंच अशुभ पुरेसं होतं. त्यात हा माणूस भावाचं मढं मांडवात घेऊन आला. आबांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्यालाही तसंच वाटलं असतं. वऱ्हाड परत न्यायला त्यांनी दुसऱ्या दिवशी पारोळ्याहून दोन बैलगाड्या ठरवल्या. इसाक रिकामा ट्रेलर घेऊन एकटाच निघाला.

पुढच्या मंगळवारी तो सोनगीरला गेला. ओट्यावर कुणी नव्हतं, दार लोटलेलं होतं, आत भांड्यांचा आवाज येत होता. त्याच्या पुढच्या मंगळवारी त्यानं गाडी थांबवली नाही.

खेप मात्र चालूच राहिली. उतार उतरताना तो पहिला गिअर टाकायचा. गावातून जाताना कधी अभिमन दिसायचा, पाण्याच्या हंड्याशी त्याची बायको दिसायची, चिंचेखाली पिवळा फेटा बांधून बसलेले मामा दिसायचे, ओट्यावर आबा दिसायचे. इसाक मनात मोजायचा. सव्वीसच्या सव्वीस माणसं जिवंत होती, आणि त्यांतलं एकही त्याच्याशी बोलत नव्हतं.